एका महिन्याच्या गोळ्या

जबलपूरच्या एका सरकारी दवाखान्यात, अगदी मागच्या बाजूला, एचआयव्हीची औषधं देणारं सेंटर आहे. नवीन माणसाचं नाव लिहून घेताना वय, पत्ता, फोन, उपचारात साथ देणाऱ्या सोबतीचं नाव असं सगळं विचारून झालं की मुरलीधर खोब्रागडे चष्मा कपाळावर चढवायचा आणि शेवटचा प्रश्न टाकायचा, "आम्हाला कधी तुमच्या घरी यावं लागलं, तर कोण म्हणून येऊ?"

हा प्रश्न सरकारी फॉर्मात नव्हता. मुरलीधरने आपल्या रजिस्टरात पट्टी धरून एक जादा रकाना आखला होता, त्यातला तो होता. औषध घ्यायला न आलेल्या माणसाला शोधून परत आणणं हे त्याचं काम. पण दारात उभं राहून खरं सांगितलं की त्या माणसाचं त्या गल्लीतलं आयुष्य संपलंच, म्हणून हे सोंग. मुरलीधर स्वतःही अठरा वर्षांपासून त्याच गोळ्यांवर होता. त्यामुळे कुणाच्या दारात काय बोलू नये, हे त्याला शिकवावं लागलं नाही. त्याला ते कसं झालं, असं विचारायची पद्धत त्या सेंटरात नाही. तेव्हा आपणही विचारू नये.

तर कुणाच्या घरी तो विम्याचा एजंट होता, कुणाच्या घरी गॅसवाला. महाराजपूरच्या एका मास्तरांकडे तो स्थळं सुचवणारा मध्यस्थ होता. एका बिनलग्नाच्या पठ्ठ्याने तर "होनेवाले ससुर बनके आना" असं सांगून ठेवलं होतं, आणि मुरलीधर खरोखरच होणारा सासरा बनून त्याच्या घरमालकाकडे गेला, वर पोहे खाऊन आला. पन्नाशी उलटलेल्या, एकट्या राहणाऱ्या माणसाला एवढी नाती एका पगारात मिळत होती, ही काही थोडीथोडकी गोष्ट नव्हे.

बेबीने नऊ वर्षांपूर्वी सांगितलं होतं, "शिलाई मशीन दुरुस्त करणारे म्हणून या." ती गढा या वस्तीत सासूसोबत राहायची आणि ब्लाउज, पेटीकोट शिवायची. नवरा गुणवंत त्याच्या तीन वर्षं आधी वारला होता. तो काविळीने गेला, असं घरात ठरलेलं होतं, आणि ते ठरलेलं मोडायची तिच्यात ताकद नव्हती. सोबतीचं नाव या रकान्याला मात्र तिने नाही म्हणून मान हलवली. मुरलीधरने तिथे लिहिलं, "कोणी नाही." असं लिहिताना त्याला नेहमीच वाईट वाटायचं. त्या दिवशी जरा जास्त वाटलं.

पहिल्यांदा तो तिच्या घरी गेला तेव्हा फजिती झाली. बेबी तापाने निजलेली. दारात तिची सासू भानुमती, कमरेवर हात. "बरं झालं बाप्पा, आले. दोन दिवसांपासून टाका सुटून राहिला. पाहा बरं." असं म्हणून म्हातारीने मशीन उघडून त्याला तिच्यापुढे बसवलं. मुरलीधरने जन्मात सुईत दोरा ओवला नव्हता. त्याने मशीनला चारी बाजूंनी पाहिलं, गंभीर चेहरा केला, "पार्ट आणावा लागेल" म्हणाला आणि तिथून जो सटकला तो थेट जबलपुरातल्याच गोरखपूर भागाच्या बाजारात एका मशीनवाल्याच्या दुकानात जाऊन बसला. चार रविवार त्याच्या हाताखाली काढले तेव्हा कुठे टाका का सुटतो हे कळलं. त्यानंतर त्याच्या पिशवीत तेलाची कुपी, सुया, पट्टा, पेचकस कायमचे आले. सोंग घ्यायला गेला आणि कारागीर होऊन बसला.

आता खरी गोष्ट सांगायला हरकत नाही. मुरलीधरचा बेबीवर जीव होता. नऊ वर्षं होता, आणि नऊ वर्षांत त्याने तो शब्दाने तर सोडाच, नजरेनेही कळू दिला नव्हता, अशी त्याची समजूत होती.

बेबीची तारीख सात. दर सात तारखेला ती सेंटरात यायची. सहा तारखेपर्यंत दाढीचे खुंट वागवणारा मुरलीधर साताला गुळगुळीत दाढी करून यायचा, हे झाडूवालीपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना दिसत होतं. त्याला मात्र वाटायचं, कुणाच्या लक्षात येत नाही. रांगेत सगळी हिंदी चाललेली असायची आणि तिच्यातून एकदम आवाज यायचा, "काहून जी, आज गर्दी लय दिसून राहिली?" आई गेल्यापासून मुरलीधरच्या घरी मराठी बोलायला भिंतीच उरल्या होत्या. तो त्या एका वाक्यावर महिना काढायचा.

आणखी एक गोष्ट होती. जबलपुरात ओळखीचा प्रत्येक पुरुष भैया असतो. भाजीवाला भैया, डॉक्टर भैया, पोलीससुद्धा भैया. गढ्याच्या घरी सासूसमोर बेबीही त्याला "मशीनवाले भैया" म्हणायची; म्हणावंच लागायचं. पण सेंटरात तिने त्याला एकदाही भैया म्हटलं नाही. तिथे तो "मुरलीधरजी" होता. या एका गोष्टीचा त्याने किती विचार केला असेल, ते मोजायला नको.

शिवाय आठचा गजर होता. पहिल्याच दिवशी तिने विचारलं होतं, गोळी किती वाजता घेऊ? "मी संध्याकाळी आठला घेतो," तो म्हणाला. "मग मीही आठला," ती म्हणाली. तेव्हापासून रोज आठ वाजता त्याच्या फोनचा गजर वाजला की गढ्यातही एक गजर वाजतोय आणि ती पाण्याचा पेला उचलतेय, हे त्याला दिसायचं. दिवसातलं ते एक मिनिट दोघांचं होतं. तो गोळी गिळायचा आणि लगेच फोन खाली ठेवायचा नाही.

हे सगळं गोड आहे. आता कडू भाग.

दोन वर्षांपूर्वी वरून आदेश आला की ज्यांची तब्येत पक्की आहे, रक्तात विषाणू सापडत नाही, त्यांना दर महिन्याला हेलपाटे घालायला लावू नका. तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्या. यादी करायचं काम मुरलीधरकडे आलं, कारण कुणाच्या घरी गोळ्यांच्या बाटल्या ठेवायला जागा आहे आणि कुणाच्या नाही, ते त्यालाच ठाऊक. त्याने दोनशेच्या वर नावं लिहिली. बेबीच्या नावाशी थांबला. तीन महिने म्हणजे वर्षातून चारच वेळा ती येणार. त्याने तिच्या नावापुढे लिहिलं, "एकच महिना. कारण: घरी गोळ्या लपवायला जागा नाही."

हे धडधडीत खोटं होतं. बेबी बाटली मशीनच्या खालच्या लाकडी पेटीत, चिंध्यांत गुंडाळून ठेवायची. तेल टाकायला मशीन मागे कलंडवली की ती पोकळी दिसायची. तिच्यात तीन काय, सहा बाटल्या मावल्या असत्या, आणि हे साऱ्या जबलपुरात दोनच माणसांना माहीत होतं. दर तिमाहीला यादी नव्याने व्हायची. दर तिमाहीला मुरलीधर तेच कारण तसंच उतरवून काढायचा आणि मनाशी म्हणायचा, पुढच्या वेळी घालू.

यंदा फेब्रुवारीच्या सात तारखेला तो दाढी करून बसला आणि बेबी आली नाही.

आठ तारखेला आली नाही. नऊला आली नाही. फोन बंद. सेंटरच्या नियमाने आठवडाभर वाट पाहून मग घरी जायचं असतं. पण तारीख देताना तीन गोळ्या उरतील अशा बेताने देतात, तेव्हा नऊच्या संध्याकाळी तिची शेवटची गोळी संपली, हा हिशोब त्याच्या डोक्यात पाठ होता. दहा तारखेला आठचा गजर वाजला. त्याने गोळी हातात घेतली आणि पहिल्यांदा त्याला कळलं की आज आपण एकटेच घेतोय. अकरालाही तेच. आपण या बाईच्या जिवाशी खेळलो, हे त्याने त्या दिवशी स्वतःशी कबूल केलं. बाराला सकाळीच पिशवी उचलून तो गढ्याला निघाला.

दार भानुमतीने उघडलं. "या मशीनवाले भैया. पण ती नाही घरी."

"अच्छा? कुठं गेल्या?"

"गोंदियाले. तिचा भाऊ आनंद आला होता. त्याच्या बायकोचं पोटाचं ऑपरेशन झालं, लेकरं लहान. पाच तारखेले उभ्या उभ्या घेऊन गेला. आठ दिवसांत येते म्हणाली होती. काल त्याचा फोन आला, बेबीचा फोन बादलीत पडला म्हणे, आणि म्हणे आता चार-सहा महिने राहू दे तिले. मी काय बोलू? माझा पोरगा असता तर बोलली असती."

"मशीन पाहून घेऊ का?" मुरलीधरने विचारलं. दुसरं काही सुचलं नाही.

त्याने मशीन मागे कलंडवली. पोकळीत चिंध्या होत्या, बाटली नव्हती. म्हणजे तिने ती नेली होती. म्हणजे पाच तारखेला घरातून निघताना तिच्याजवळ पाच गोळ्या होत्या. यादीत तिचं नाव असतं तर निदान महिनाभराच्या तरी असत्या, पोराबाळांचं करताना तिला कशाची धास्ती नसती. मुरलीधर त्या चिंध्यांकडे बघत बसला. तेलाची कुपी हातातच राहिली.

"भैया, एक विचारू?" भानुमती समोरच्या पाटावर टेकली.

"विचारा ना, माय."

"नऊ वर्षं झाली. मशीन बिघडलेली नसते तरी तुम्ही दोन-अडीच महिन्यांनी येता. पैसे देते तर घेत नाही. तेल टाकता, चहा पिता, जाता. मी म्हातारी झाली, येडी नाही झाली."

तब्येत पक्की असली तरी पेशंटच्या घरी अधूनमधून चक्कर मारावी, असा नियम त्याने स्वतःच्या मनाने काढला होता, आणि तो फक्त गढ्याला लागू होता. आता त्या नियमाने घात केला. बेबीचं गुपित फुटलं. गुणवंतची कावीळ, गोळ्या, सगळं.

"तिच्यासाठीच येता ना?" म्हातारी म्हणाली. "तुमचं मन आहे ना तिच्यावर?"

त्याला आधी सुटल्यासारखं झालं आणि लगेच मेल्याहून मेल्यासारखं. सेंटरचं गुपित वाचलं होतं आणि त्याचं स्वतःचं पकडलं गेलं होतं. नाही म्हणावं तर मग येत कशाला होतास, या प्रश्नाला उत्तर नव्हतं. आणि खरं सांगायचं तर नाही म्हणावंसं वाटतही नव्हतं.

"हो," तो म्हणाला. नऊ वर्षांत पहिल्यांदा तो शब्द त्याच्या तोंडून बाहेर आला, आणि तोही कुणापुढे, तर गुणवंतच्या आईपुढे.

भानुमती गुडघ्यावर हात टेकून उठली. मग आत जाऊन एक चिठ्ठी घेऊन आली. तिच्यावर आनंदचा फोन नंबर होता. "फोन करा. सांगा, सासू वाट पाहून राहिली. तुमचं काय सांगायचं ते तुम्ही पाहा."

मुरलीधर धावतच सेंटरात आला. तिथे कॉम्प्युटरवर वैभवी बसायची. जबलपुरात जन्मलेली, घरी मराठी ऐकणारी आणि तोंडाने अर्धी हिंदी बोलणारी पोरगी. सेंटरचा सगळा हिशोब तिच्या बोटांवर. नवीन किती सापडले, ते कुठल्या वस्तीतले, जुने किती टिकले, किती वारले, किती हरवले, असा महिन्याचा अहवाल ती भोपाळला पाठवायची. अठ्ठावीस दिवस उलटून गेले तरी जो येत नाही, तो हरवलेल्यांत जायचा. त्या रकान्यात नाव टाकताना वैभवी दरवेळी मुरलीधरकडे बघायची.

त्याने सगळं सांगितलं. गोंदियाच्या सेंटरला आजच फोन करायला हवा, कागद पाठवायला हवेत. वैभवीने बेबीची नोंद उघडली.

"काका, इनका तो सब बढ़िया है. व्हायरल लोड दोन वर्षांपासून साफ. मग एकच महिना क्यों?" ती पडद्यावर वाचू लागली. "घरी जागा नाही..."

"ते खोटं आहे," मुरलीधर म्हणाला.

"मतलब?"

"जागा आहे. मी लिहिलं तसं. तिने महिन्याला यावं म्हणून."

वैभवीला समजायला एक क्षण लागला. समजल्यावर ती हसली नाही, ओरडलीही नाही. खुर्ची त्याच्याकडे वळवून बसली. "या महिन्यात अकरा नवे सापडले, काका. अकरा. दिवसभर मी बघते की कोणी यादीतून गळू नये, आणि तुम्ही दारोदार फिरता ते पण त्याच्यासाठीच ना? आणि भोक तुम्हीच पाडलं?"

"आणखी कुणाचं नाही केलं. देवाशपथ. फक्त एकीचं."

"वही तो," वैभवी म्हणाली. मग तिने पडद्यावरचं कारण पुसलं. "तीन महिन्यांची यादी आजपासून मी करेन. डॉक्टरांना तुम्ही स्वतः सांगायचं. आणि आता गोंदियाचा नंबर लावा, वेळ जाऊन राहिला."

तो डॉक्टरांकडे गेला. त्यांनी जे सुनावायचं ते सुनावलं आणि लेखी खुलासा मागितला. मुरलीधरने तो तिथेच बसून लिहून दिला. कारण या शब्दापुढे मात्र त्याचा पेन बराच वेळ अडला. शेवटी त्याने लिहिलं, "माझी चूक." गोंदियाचं सेंटर तयार होतं. उद्या दहा वाजता पाठवा, म्हणाले, रिकाम्या हाताने जाऊ देणार नाही.

मग त्याने आनंदला फोन लावला. "मी जबलपूरहून बोलतो, मशीनवाला. बेबीताईंच्या सासूबाईंनी फोन करायला सांगितला." आनंदला त्यात काही वावगं वाटलं नाही. "अगं ए बेबी, तुझ्या सासूकडून हाय," एवढं म्हणून त्याने फोन तिच्या हाती दिला.

"थांबा, अंगणात येते. इथं लेकरं कल्ला करून राहिली," बेबी म्हणाली. मग दार लोटल्याचा आवाज. मग तिचा श्वास. "मुरलीधरजी?"

"हो."

"संपल्या हो," ती म्हणाली. "नऊ तारखेला संपल्या. नंबर सगळे त्या फोनमध्येच होते. दादा एक पाऊल एकटं टाकू देत नाही. कोणाला विचारू, कुठं जाऊ, काही समजून नाही राहिलं. आठ वाजले की उगाच पाण्याचा पेला भरून ठेवते."

"ऐका. दोनच दिवस गेले, आजही घेता आली नाही तरी उद्या सुरू होईल. उद्या दहा वाजता तिथल्या सरकारी दवाखान्यात जा. वहिनीची पट्टी बदलायचं सामान आणते म्हणा. तिथे माझं नाव सांगा, बस. तुमचा नंबर, तुमचे कागद, सगळं पाठवलं आहे."

"मिळतील ना नक्की?"

"नक्की."

ती हमसून रडली. मुरलीधर ऐकत राहिला. रडू नका, असं म्हणायचं त्याच्या जिभेवर आलं नाही.

"दादा इथंच राहा म्हणून राहिला," थोड्या वेळाने ती म्हणाली. "वहिनीला सहा महिने वजन उचलायचं नाही. लेकरं मला सोडत नाही. सासूबाई तिकडं एकट्या. काय करू मी?"

"तुम्हाला राहायचं असेल तर नाव इकडून काढून तिकडे लावून देऊ. गोळ्या तिथेच मिळतील." हे वाक्य त्याने शेकडो लोकांना सांगितलं होतं. इतकं जड कधी गेलं नव्हतं.

"मग मला जबलपूरच्या सेंटरात यावं नाही लागणार?"

"नाही."

अंगणात एक पोरगं रडत होतं.

"बेबीजी, एक सांगायचं आहे," मुरलीधर म्हणाला. "दोन वर्षांपासून तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतात. तुमचं नाव मी यादीत घातलं नाही. मुद्दाम. घातलं असतं तर आज तुमच्याजवळ बाटल्या असत्या. तुमच्यावर ही पाळी माझ्यामुळे आली."

तिकडे तिने दार पुन्हा ओढून घेतल्याचा आवाज आला.

"मला माहीत होतं," बेबी म्हणाली.

"काय?"

"तीन महिन्यांच्या मिळतात ते. रांगेतल्या इंदिराबाईंनी मागच्या वर्षीच सांगितलं होतं. म्हणाल्या, तूही माग. मी नाही मागितल्या."

"काहून?"

"तुम्ही काहून नाही टाकलं माझं नाव?"

तेवढ्यात तिकडून आनंदची हाक आली. "येते," असं ती कुणाला तरी म्हणाली, आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला गोंदियाहून कळलं की बेबी आली होती, गोळ्या घेऊन गेली. त्या संध्याकाळी आठचा गजर वाजला तेव्हा मुरलीधरने पेला उचलला, गोळी घेतली आणि तिथेच खाटेवर बसून लहान पोरासारखा रडला. तिची गोळी सुरू झाली म्हणून रडला, आणि आता ती येणार नाही म्हणूनही रडला.

फेब्रुवारीच्या शेवटी तिचा निरोप आला की नाव गोंदियालाच लावा. मुरलीधरने बदलीचा फॉर्म स्वतः भरला. वैभवीच्या अहवालात हरवलेल्यांत नाव नव्हतं. "दुसरीकडे पाठवले: एक," असं होतं. कामाच्या दृष्टीने याहून चांगला शेवट नसतो. पेशंट सापडला, गोळी सुरू झाली, कागद पूर्ण झाले. वैभवीने फॉर्मावर शिक्का मारला आणि न बोलता त्याच्यासाठी चहा मागवला.

मार्चच्या सात तारखेला त्याने सवयीने दाढी केली. आरशात अर्धा गाल झाल्यावर लक्षात आलं, पण अर्धवट कशी सोडणार, म्हणून पुरी केली. त्या दिवशी रांगेतली हिंदी त्याला दिवसभर टोचत राहिली.

दुपारी तो गढ्याला गेला. आता जायला कुठलंच सोंग उरलं नव्हतं. भानुमतीने चहा टाकला. मशीनवर चादर घातलेली होती.

"बोलते फोनवर," म्हातारी म्हणाली. "तिकडं बरं आहे म्हणते. आवाज ऐकला की बरं वाटते, ठेवला की घर खायला उठते. दिवसभर ती मशीन चालायची ना, मले तिचा कंटाळा यायचा. आता झोप लागत नाही दुपारची."

मुरलीधरने मान हलवली.

"भैया, जरा चालवून दाखवा ना."

"काय शिवू?"

"काही नका शिवू. नुसती चालवा."

त्याने चादर काढली. दोरा न ओवता, कापड न लावता तो पायडल मारू लागला. खडखड खडखड असा तो ओळखीचा आवाज त्या एका खोलीत भरून गेला. भानुमती भिंतीला टेकून डोळे मिटून बसली. मुरलीधर पाय दुखेपर्यंत मशीन चालवत राहिला. दोघांचंही माणूस एकच होतं, आणि दोघांनाही ते एकमेकांजवळ बोलून दाखवायची गरज नव्हती. म्हातारीचा डोळा लागला तेव्हा त्याने हळूच पाय थांबवला आणि चादर परत घातली.

तो सेंटरात परत आला तेव्हा वैभवी फोन धरून उभी होती. "काका, गोंदियाहून. तुम्हीच बोला."

तिकडे गोंदियाचा समुपदेशक होता, त्याच्यासारखाच जुना माणूस. "नमस्कार खोब्रागडेजी. तुमच्या त्या बेबीबाईंचं नाव आज पक्कं लावून घेतलं. तब्येत ठीक आहे. गोळ्या तीन महिन्यांच्या दिल्या एकदम."

"चांगलं केलं," मुरलीधर म्हणाला. आवाज नीट निघाला, याचं त्यालाच आश्चर्य वाटलं.

"फॉर्म भरताना एक अडलं. तुमच्याकडून आलेल्या कागदावर सोबतीचं नाव 'कोणी नाही' असं होतं. ते आज तिने मला खोडायला लावलं. तिथे तुमचं नाव सांगितलं."

मुरलीधरने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पुढचा रकाना नात्याचा आहे," तो माणूस म्हणाला. "काय लिहू विचारलं, तर म्हणाली, ते मी नाही सांगत, त्यांनाच विचारा. आता तुम्हीच सांगा जी, काय लिहू?"

वैभवी कॉम्प्युटरमध्ये डोकं घालून बसली होती, पण तिची बोटं थांबली होती. मुरलीधरने आजवर विम्याचा एजंट, गॅसवाला, मध्यस्थ, सासरा असं सगळं न अडखळता सांगितलं होतं. आज त्याला एक शब्द सांगायला एवढा वेळ लागला, की पलीकडचा माणूस "हॅलो, हॅलो" करू लागला.

"तो रकाना तूर्त रिकामा राहू द्या," शेवटी तो म्हणाला. "तिला सांगा, मी पुढच्या सात तारखेला येतो. दोघं मिळून लिहू."